सुकटीत काढलेली अक्षरं

आत्या, तुझ्या तेराव्याच्या जेवणावरही मी तुझ्याशी भांडले. तू नव्हतीस, पण त्याचं काय. साठ वर्षांचं भांडण माणूस गेलं म्हणून लगेच थांबत नाही. पंगत उठली होती. धर्मा काका, तुझा धाकटा भाऊ, ओट्यावर पान लावत बसला होता. तेवढ्यात शेजारची एक बाई मायेनं म्हणाली, "हिराबाईनं चांगुनाला घरात बसून किती शिकवलं, नाय?" माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "शिकवलं, हो. आनि वर्षभर शिकवून गुरुजींच्या समोर उभं केलं नि सांगितलं, हिला काय येत नाय. ते पन सांगा की."

काकाचं चुन्याचं बोट पानावर तसंच राहिलं. तो जे बोलला ते लिहायला मला आधी त्या वर्षापर्यंत मागं जावं लागेल. तेव्हा बस. तुला घाई कधीच नव्हती.

मी सहा वर्षांची होते. शाळेत नाव घालायचं म्हणून आईनं पाटी आणली होती आणि त्याच आठवड्यात मी वाळत घातलेल्या जाळ्यांच्या बांबूवर चढले आणि पडले. पायाचं हाड मोडलं. गावातल्या हाडं बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं. पावसाळ्यानंतर ते पुन्हा मोडून पुन्हा बसवावं लागलं. म्हणजे जवळजवळ सगळं वर्ष बाजेवर. करावे गाव तेव्हा चार आळ्यांचं, पुढं खाडी, मागं शेतं आणि मिठागरं. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीची, चौथीपर्यंत. बाबा म्हणाला, "बरं झालं. पाटी कोनाला तरी देऊन टाका."

पाटी तू उचललीस. तू तेव्हा असशील सत्तावीस-अठ्ठावीसची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा गेला आणि तू माहेरी आलीस, भावाच्या घरात जाळी विणायला आणि मासळी वाळवायला. तिसरीपर्यंत शिकलेली. जोडाक्षर आलं की तू अडखळायचीस आणि मग रागानं ते दोनदा वाचायचीस, जणू चूक त्याची होती.

पावसात मासळी वाळत नाही, म्हणून आधी शिकलो ते पुड्यांवर. वाण्याकडून गूळ, चहा, मिरची जे काही यायचं ते छापील कागदाच्या पुडीतून. तू वाण्याला सांगून ठेवलंस, "मला मोठ्या अक्षरांचा कागद दे, आनि फाडशील तर आडवा फाड." पुडी रिकामी झाली की कागद झटकायचा, भाताच्या पेजेनं माझ्या बाजेशेजारच्या कुडाला चिकटवायचा. पावसाळा संपेतो ती भिंत वाचायला मिळाली. एकेका कागदावर निम्मीच गोष्ट असायची. एका राजाची बायको विहिरीपर्यंत यायची आणि कागद संपायचा. मी रडकुंडीला यायचे, "पुढं काय?" तू जाळ्यातून मान न काढता म्हणायचीस, "मला काय इचारतेस? मी नव्हते तिथं. तूच सांग." मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तू म्हणायचीस, काल राणी विहिरीत पडली होती, आज कशी बाहेर आली? मला विहिरीला पायऱ्या कराव्या लागायच्या. त्या पावसात मी किती राण्या वर काढल्या, देवाला ठाऊक.

आता आमची नातसून पोराला शाळेत घालण्याआधी वर्षभर घरीच शिकवते आहे. दर महिन्याला तिच्याकडे एक रंगीत डबा येतो. त्यात चिकटपट्टी, लाकडी अक्षरं, प्लास्टिकचे मासे. किंमत ऐकून मी त्या कुरिअरवाल्याशीच घासाघीस करायला निघाले होते. वाईट नाही, पोर खेळतं. पण त्या डब्यातल्या पुस्तकात गोष्ट पूर्ण असते. मला राहवेना, म्हणून मी तिला सांगितलं, शेवटचं पान फाडून ठेव. तिनं मला वेड्यात काढलं.

पाऊस ओसरला आणि जवळा यायला लागला, वाळला की ज्याची सुकट होते ती बारीक कोळंबी. अंगण सारवून तू त्यावर ओला जवळा पातळ पसरायचीस, आणि माझी बाज अंगणाच्या कडेला यायची. माझ्याकडे काम होतं, कावळे हाकायचं. लांब काठीला चिंध्या बांधलेल्या. तू म्हणालीस, "नुसतं हाड् हाड् करू नको. कावला आला की पाढ्याचं एक घर बोल, मोठ्यानं." मग मी ओरडायचे, बे एके बे! कावळा उडायचा. बे दुणे चार! दुसरा उडायचा. कावळे जास्त आले की पाढा लवकर व्हायचा. सतराचा पाढा मला मार्गशीर्षात आला, कारण तेव्हा कावळे फार होते. आळीतले लोक हसायचे. धर्मा काका म्हणायचा, "आपल्या गावचे कावले आता हिशोबाला पक्के झाले."

पसरलेल्या जवळ्यात मी बोटानं अक्षर काढायचे. तू मला उचलून कडेला बसवायचीस, पाय लांब सोडून. बोट फिरलं की खालचं सारवण दिसायचं, काळं अक्षर, भोवती गुलाबी जवळा. पाटीपेक्षा मोठं, आणि चुकलं तर हातानं सारखं करायचं. दोन तासांनी जवळा पालटावा लागतो, नाहीतर एका बाजूनं कच्चा राहतो. तो पालटायचा म्हणजे अक्षरं गेली. मी पहिल्या दिवशी भोकाड पसरलं. तू म्हणालीस, "पुसल्याबिगर दुसरं कुठं काढशील?" आणि माझ्या हातात झाडणी दिलीस. तेव्हापासून रोज मीच माझी अक्षरं मोडायचे. हात काम करत होता आणि डोकं शिकत होतं. आपल्या घरात बसून शिकण्याएवढा मोकळा वेळ कुणालाच नव्हता, म्हणून तू शिकणं कामातच मिसळलंस.

शिंपल्यांचा खेळ आठवतो? दहा शिंपल्यांत खाडीचं पाणी, एका शिंपल्यात विहिरीचं. कुठला आधी सुकेल आणि कुठल्यात मीठ राहील, पैज लावायची. हरेल त्यानं शिंपला चाटायचा. पहिल्यांदा मी विहिरीच्या पाण्यात मीठ सापडेल म्हणाले आणि हरले. दुसऱ्यांदा तू मुद्दाम हरलीस. माझ्या लक्षात आलं होतं, आत्या. तू तोंड वेडंवाकडं करून चाटलंस, मला हसू आलं, म्हणून मी काही बोलले नाही.

आणि तो बांबू. खाडीच्या काठी होडी बांधायचा बांबू बाजेवरून दिसायचा. तू त्यावर वीत वीत अंतरावर चुन्याच्या रेघा ओढल्यास. पाणी किती रेघा बुडवतं ते मी दिवसभर पाहायचं आणि कुडावर कोळशानं खूण करायची. भरती रोज दोन घटका उशिरा येते हे मला कुणी सांगितलं नाही. खुणा बघून माझं मलाच कळलं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी एवढी किंचाळले की आई चूल सोडून धावत आली. अमावस्येला, पुनवेला पाणी चढतं, अष्टमीला सुस्तावतं, हेही कुडावर दिसायला लागलं. मग बाबा होडी काढायच्या आधी बाजेजवळ थांबून विचारायचा, "चांगुने, पानी कवा भरंल आज?" मी सांगायचे आणि माझी छाती फुगायची. आज मला कळतं, बाबाला पाणी ठाऊक नव्हतं का? जन्म खाडीत गेलेला माणूस. विचारायला तूच सांगितलं असणार.

पण माझं पोट ज्यावर भरलं ते तू बाजाराच्या खेळात शिकवलंस. तिसऱ्या प्रहरी शिंपले म्हणजे मासे. मी वाटे लावायचे, पाच-पाच शिंपल्यांचे, वर मोठा आणि खाली बारका. तू डोईवरचा पदर बदलून गिऱ्हाईक व्हायचीस, कधी मुंबईची शेठाणी, कधी चिक्कू म्हातारी.

"काय गं पोरी, वास येतो या बोंबलाला."

"ताजा हाय बाई, आत्ताच होडी लागली."

"कितीला?"

"दोन आने!"

लगेच तू पदर टाकून आत्या व्हायचीस. "मेली! आकडा आधी तू कशाला बोललीस? समोरचा काय देतो ते त्याच्या तोंडून काढ. तो बोलला की त्याच्याच शब्दात त्याला बांध. एकदा का त्यानं शब्द दिला, मग वाद घालू नको, जागेवरून हल."

मी सहा वर्षांची, मला त्यातलं निम्मं कळलं. बाकीचं निम्मं कळायला धंदा करावा लागला. सुकटीच्या एका टोपलीपासून मी सुक्या मासळीचं दुकान केलं, मग दुसरं, मग घाऊक. माझ्यासमोर बसून भल्याभल्यांना घाम फुटतो, हे मी अभिमानानं सांगते. आणि प्रत्येक सौद्यात मी तुझाच नियम पाळते, आकडा समोरच्यानं आधी बोलायचा. ही विद्या तुझी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? मी रागावलेली होते.

आता तो दिवस.

वर्ष संपलं. पाय सरळ नाही, पण टेकवता यायला लागला. नवं शाळेचं वर्ष सुरू झालं तेव्हा तू मला हात धरून शाळेत नेलंस. माझं वय सात. माझ्या वयाची शेवंता, आमच्याच आळीतली, पहिली करून दुसरीत गेलेली, पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होती. गुरुजींनी दुसरीचं पुस्तक उघडून दिलं. मी घडाघडा वाचलं. सतराचा पाढा म्हटला. गुरुजींनी चष्मा वर केला.

"अहो, हिला पहिलीत कशाला घालता? दुसरीत बसू दे."

आत्या, मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तू हसशील. तू खाली बघितलंस आणि म्हणालीस, "नको गुरुजी. पहिलीतच घ्या. घोकलंय नुसतं. हिला काय येत नाय."

शेवंता फिसकन हसली.

मला पहिलीत बसवलं, सगळ्यांहून वीतभर उंच, लंगडत जाणारी. पोरांनी माझं नाव सांडणी ठेवलं. सगळा धडा मला आधीच येत होता. मी घरी येऊन तुझ्या पाठीत बुक्के मारले. "खोटं का बोललीस? का?" तू जाळं विणत राहिलीस. "तुझं काय गेलं?"

"वरीस गेलं!"

"वरीस कुठं जातंय? इथंच तर हाय."

हेच उत्तर. मी दहा वर्षांची असताना, वीस वर्षांची असताना, पहिलं दुकान घेतलं तेव्हा, नातवंडं झाल्यावर. मी विचारायचे, तू तेच म्हणायचीस. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तू घाबरलीस. पांढरे कपडे घातलेल्या माणसासमोर तुझी जीभ लुळी पडली. किंवा, कधीकधी याहून वाईट, की माझं कौतुक तुला सोसलं नाही, कारण तुझं शिक्षण तिसरीत थांबलं होतं. हे मी एकदा तुला तोंडावर बोलले. तू जेवत होतीस. हातातला घास ताटात ठेवलास, थोडं पाणी प्यायलीस आणि पुन्हा जेवायला लागलीस. त्या दिवसाची मला लाज वाटते.

मी सीवूड्सला फ्लॅट घेतला तेव्हा तुला म्हटलं, चल माझ्याकडे, अकरावा मजला, सगळी खाडी दिसते. तू एकदा आलीस, गॅलरीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पानी दिसतं गं. वास येत नाय." संध्याकाळी करावेला परत. मला वाटलं, माझं कर्तृत्व तुला पुन्हा बघवलं नाही. आत्या, राग धरून बसलं की सगळ्यातून एकच अर्थ निघतो.

तर काका काय म्हणाला ते लिहिते.

तो म्हणाला, "चांगुने, गप बस. शाळेत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आमी जेवत होतो. तू बाहेर अंगनात कावले हाकत होतीस, बारा सत्ते चौऱ्यांशी करत. हिरा दादाला, तुझ्या बापाला, म्हनली, उद्या पोरीचं नाव घालते. दादा उखडला. म्हनला, पाय असा, डोक्यावर टोपली घेऊन चालनार नाय, बाजारात एका जागी बसून इकील. त्याला शाला कशाला? हिरा काय बोलली माहीत हाय? म्हनली, बरोबर हाय दादा. मग किती शिकवायची ते तूच सांग."

तूच सांग. आकडा समोरच्याच्या तोंडून.

"दादानं इचार केला. म्हनला, चौथी. चौथी झाली की टोपली, मग एक दिवस नाय. हिरा म्हनली, चौथी पास होईपरेंत मधी उठवायची नाय? दादा म्हनला, नाय उठवनार. शब्द? शब्द. झालं. तिनं त्याला आनखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी तुला पहिलीत घालून आली. मी इचारलं, अगं, गुरुजी दुसरीत घेत होते म्हनं? तर माझ्यावर डोले वटारले. म्हनली, दादानं चौथी सांगितली, वरसं नाय सांगितली. चार वरसं बसू दे पोरीला, तीनात कशाला उठवायची? आनि दादाला बोललास तर जेवाय वाढनार नाय."

एक वर्ष जास्त. बाबाच्या शब्दात राहून, बाबाला न फसवता, बाबाकडून काढलेलं. मला दुसरीत घातलं असतं तर तीन वर्षांत चौथी झाली असती आणि मी बाजारात. तू कमी दाखवलंस आणि जास्त घेतलंस. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात हुशार सौदा माझ्यावरच झाला आणि साठ वर्षं मला तो दिसला नाही.

आणि पुढचं तर तूही हिशोबात धरलं नसशील. की धरलं होतंस? शेवंता माझ्या आधी एक वर्ष चौथी पास झाली. त्या वर्षी तिच्यापुढं वर्ग नव्हता. टोपली घेऊन ती बाहेर पडली, आणि मी तिचा हेवा केला, ती पुढं गेली म्हणून. दुसऱ्या वर्षी माझी चौथी संपली आणि शाळेला पाचवी मिळाली. पट भरायला मुलं कमी पडत होती, म्हणून गुरुजी स्वतः घरी आले. बाबानं त्यांच्याशीही घासाघीस केली, पोरगी सकाळी बाजारात बसेल आणि दुपारी शाळेत येईल. गुरुजी कबूल झाले. पाचवीची सातवी झाली. पुढं बाबा म्हातारपणी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझी पोरगी सातवी हाय. मी शिकवली." तू आतून ऐकायचीस आणि जाळं विणत राहायचीस.

काका म्हणतो, "तिनं तुला सांगितलं नाय कारन दादा तुझा लाडका होता." एवढंच. मला जास्त सांगायची गरज नव्हती. तू मला एक वर्ष दिलंस, आणि वर माझा बापही जसा मला हवा होता तसा ठेवलास. त्यासाठी माझे बुक्के खाल्लेस आणि ताटावर ते शब्द खाल्लेस.

मी भाव पाडून घेणारी बाई आहे. कुणाचा पहिला शब्द मी मान्य केलेला नाही. पण तुझा करते. तू गुरुजींना म्हणालीस, हिला काय येत नाय. पुस्तक येत होतं, पाढे येत होते. बाकी खरंच काही येत नव्हतं, आत्या. अगदी परवापर्यंत.

आज सकाळी दुकानातल्या माणसाकडून ओला जवळा मागवला. अकराव्या मजल्यावर गॅलरीत प्लास्टिक अंथरून पसरला. अर्ध्या तासात खालच्या बाईंचा फोन, "मावशी, सोसायटीत वासाचा त्रास होतोय." मी म्हटलं, "होऊ दे. आज होऊ दे, आणि उद्या वाटीभर सुकट पाठवते." फोन ठेवला आणि गुडघे वाकत नाहीत तरी खाली बसले, तोच पाय लांब सोडून. बोटानं तुझं नाव काढलं. हिरा. जवळ्याखालचं प्लास्टिक निळं होतं, सारवण नव्हतं, पण अक्षर ठळक आलं. एक कावळा कठड्यावर येऊन बसला. मी बे एके बे म्हटलं, तो उडाला.

दोन तास झाले. ऊन वर आलंय, जवळा पालटायची वेळ टळून गेली. झाडणी माझ्या हातात आहे. एका बाजूनं कच्चा राहील, मला माहीत आहे.

राहू दे.